ओल्या दगडातले केस

एका वर्षी पुराचं पाणी चेन्नईत आमच्या वेलचेरीच्या इमारतीत शिरलं आणि ओसरताना पार्किंगमध्ये घोट्याएवढा चिखल ठेवून गेलं. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे माझं नुकसान म्हणजे जिन्यात काढून ठेवलेल्या चपला. खाली उतरलो तर असोसिएशनचे सेक्रेटरी सेल्वम हातात फावडं धरून विचारात पडलेले. मी दगडाच्या धंद्यात आहे एवढं त्यांना ऐकून माहीत.

"सार," ते म्हणाले, "तुम्ही स्टोन डॉक्टर. हा चिखल काढू, की ठेवला तर आपोआप दगड होईल? झाला तर फ्लोअरिंग करायला नको."

"होईल की. फक्त याच्यावर आणखी दोनेक किलोमीटर चिखल साचू द्या."

सेल्वमनी मान वर करून माझ्या बाल्कनीकडे पाहिलं. "तुमचा फ्लॅट खाली जाईल सार."

"सगळ्यांचाच जाईल. मग वरच्या वजनानं यातलं पाणी पिळून निघेल, कण एकमेकांत रुततील, उरलेल्या पाण्यातला चुना सांध्यांत बसेल. काही कोटी वर्षं कळ काढायची."

"सेरि सार," म्हणजे बरं, असं म्हणून त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं.

माझ्या आयुष्यभराच्या नोकरीचा विषय मी इतक्या थोडक्यात कुणाला कधीच सांगितला नव्हता, आणि इतकं तत्पर उत्तरही मला कधी मिळालं नव्हतं.

थोडं सविस्तर सांगतो. तेल कंपन्या जमिनीत खोल भोक पाडतात तेव्हा मधूनमधून दगडाचा लांब दंडगोल अखंड कापून वर आणतात. त्याला कोअर म्हणतात. त्याची चकती काचेवर चिकटवून इतकी घासायची की तिच्यातून उजेड आरपार जावा, मग ती सूक्ष्मदर्शकाखाली घालून बघायचं, की कुठल्याशा नदीनं टाकलेल्या वाळूचं पुढे काय झालं. लोकांना वाटतं, गाळ बसला, दगड झाला, विषय संपला. खरी भानगड गाडल्यानंतरच सुरू होते. कण दाबानं एकमेकांना चावतात. काही कण विरघळून नाहीसेच होतात आणि त्यांच्या जागी त्यांच्या आकाराचं भोक राहतं. एके ठिकाणी विरघळलेलं दुसरीकडे जाऊन बसतं. चिकणमातीचे कण आधी वहीच्या पानांसारखे गठ्ठे करून राहतात, आणखी खोल गेले, तापले, की त्यांचं भलतंच काही होतं. हे सगळं अंधारात, खारट गरम पाण्यात, अत्यंत सावकाश. रिकाम्या जागा ओळखू याव्यात म्हणून आम्ही दगडात निळं रेझिन भरतो. काचेखाली निळं दिसलं की तिथं पोकळी, म्हणजे तेलाला राहायला जागा.

नुंगंबाक्कमच्या आमच्या लॅबमध्ये मी नवा असताना मला एका चकतीत काळ्या कडेचं, गोल गरगरीत, कुठल्याच पुस्तकात नसलेलं खनिज सापडलं. अर्धं पान वर्णन लिहून साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी भिंगातून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"पाटणकर, काच चिकटवताना आत अडकलेले हे हवेचे बुडबुडे आहेत. नाव द्यायचंच तर पाटणकराइट द्या."

तेव्हापासून लॅबमध्ये कुणाच्याही कामात बुडबुडा निघाला की 'पाटणकराइट आला' असं म्हणायची पद्धत पडली. साहेब गेले, मी निवृत्त होऊन पुन्हा सल्लागार म्हणून तिथंच जाऊ लागलो, तरी शब्द टिकून आहे. नवी मुलं मला न ओळखता माझ्यासमोर तो वापरतात. मीही वापरतो.

हे काम एकट्याचं. खोलीला जाड पडदा, एक स्टूल, एक सूक्ष्मदर्शक. दिवसचे दिवस कुणाशी बोलावं लागत नाही. बायको, वसुधा, होती तोवर संध्याकाळी घरी गेल्यावर ती भेंडी चिरता चिरता विचारायची, "आज काय दिसलं?" मी सांगायला लागलो की कुकरच्या शिट्ट्या मोजायची. पण विचारायची. ती गेल्यावर घरात मराठी बोलायचं कारणच उरलं नाही. मुलगा पुण्याहून रविवारी फोन करतो. "बाबा, तिकडे आता कुणासाठी राहताय?" यावर मी "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" असं म्हणायचो. तमिळ मला येतं, पण ते भाजी घेण्यापुरतं. वसुधाच्या आजारपणात शेजारच्या बाई माझा हात धरून खूप काही बोलल्या, त्यातलं मला 'कवलैपडादींग' एवढंच कळलं, काळजी करू नका. मी त्यावर "थँक्यू" म्हणालो.

अशा दिवसांत वेंकोबराव आले.

एका छोट्या खासगी कंपनीचे ते मुख्य भूवैज्ञानिक. कावेरीच्या खोऱ्यात, भातशेतीच्या खाली, त्यांच्या तेलाच्या दोन-चार विहिरी होत्या आणि त्या आटत चालल्या होत्या. आणखी एकच विहीर खोदायची परवानगी मालकांनी दिली होती, तीही वेंकोबरावांनी हट्टानं मिळवलेली. जागा त्यांनी निवडली. सगळे म्हणत होते तिथं काही नाही, हे म्हणत होते आहे. लागली तर कंपनी तग धरणार, नाही तर डेल्टातून गाशा गुंडाळणार. त्या विहिरीचा कोअर घेऊन ते स्वतः लॅबमध्ये आले, धोतर-शर्ट, कपाळावर गोपीचंदन, पायात सेफ्टी बूट.

माझं नाव ऐकून त्यांनी एकदम मराठी काढलं. "तुम्ही कोठील?"

"मिरजेचा."

"आम्हीही तिकडीलच. निघून थोडे दिवस जाहले."

थोडे दिवस म्हणजे तीनशेहून जास्त वर्षं. घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, आणि चाल मात्र तमिळ, शेवटचा स्वर ओढत नेणारी. मला हसू आलं ते त्यांनी पाहिलं.

"हसा, हसा. तुमचें मराठी ऐकलें कीं मला वाटतें माझी बस चुकेल. एवढी घाई कशाला?"

त्यानंतर ते रोज दुपारी फोन करू लागले. "जेवण जाहलें? काय खाल्लें?" मी 'दहीभात' म्हणालो की "आजही?" असं म्हणायचे. मग दगड. मी चकत्यांत काय पाहिलं ते सांगायचो आणि समोरचा माणूस कुकरच्या शिट्ट्या न मोजता ऐकायचा. वाळूचा कण कसा झिजला, फेल्डस्पार नावाचं खनिज कसं आतून पोखरलं गेलं, त्याच्या जागी निळं कसं भरलं, सगळं. फोन ठेवताना म्हणायचे, "अस्कें सांगितलें नाहीं तुम्हीं, उद्यां सांगा." अस्कें म्हणजे सगळं. मी मुद्दाम थोडं उद्यासाठी राखून ठेवायला लागलो.

आता घोटाळा सांगतो. दगडातून तेल किती सहज वाहील हे मोजण्यासाठी त्यातून अंगठ्याएवढा तुकडा काढतात, धुतात, भट्टीत वाळवतात आणि त्यातून वायू सोडून बघतात. मी ज्या घरात वाढलो तिथं आईचे पापड, कुरडया, सांडगे गच्चीभर असायचे, आणि वाळवणात ओल राहणं हा नैतिक गुन्हा समजला जायचा. तो संस्कार घेऊन मी भट्टीचं उष्णतामान नेहमीपेक्षा वर नेलं. तुकडे कडकडीत वाळले. वायू असा भसकन आरपार गेला की मला यंत्र बिघडलं असं वाटलं. कोअरच्या वरच्या भागातल्या चकत्या मी पाहिल्याच होत्या, भरपूर निळं. खालच्या भागातल्या नीट बघायच्या राहिल्या होत्या. पण बऱ्याच दिवसांनी चांगली बातमी द्यायला एक माणूस मिळाला होता, मग कोण थांबतो? मी फोन लावला.

"वेंकोबराव, दगड उत्तम आहे. तेल धावत येईल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "कॉफी पाजतों तुम्हांला. आत्तां येतों." ते खरंच आले. नुंगंबाक्कमच्या हॉटेलात त्यांनी मला पोंगल, वडा आणि कॉफी खाऊ-पिऊ घातली, आणि स्वतः काहीच खाल्लं नाही. नुसते माझ्याकडे बघून हसत होते.

विहिरीची चाचणी झाली. तेल धावत सोडाच, रांगतही आलं नाही. नळ नीट बंद न केल्यावर ठिबकतं तसं.

इंजिनियर लोकांचं म्हणणं, दगड चांगला आहे असा लॅबचा रिपोर्ट आहे, म्हणजे खोदतानाच्या चिखलानं भोकाची भिंत बुजली असणार. आत ॲसिड सोडून धुवायचं ठरलं. ज्या पोरांनी विहीर खोदली त्यांच्यावर सगळे डाफरत होते. वेंकोबरावांचा फोन आला, त्या दिवशी जेवणाचं विचारलं नाही.

"पाटणकर, दगड चांगला आहे नव्हे?"

"उत्तम."

"मग येईल. धुतल्यावर येईल."

त्याच आठवड्यात मी केस कापायला गेलो. आमच्या गल्लीतला न्हावी माझ्यावर प्रेम करतो, कारण माझं काम लवकर होतं. त्यानं डोक्यावर पाणी फवारलं आणि आरशात बघत हळहळला, "अय्यो सार, ओण्णुमे इल्लै." म्हणजे काहीच नाही. कोरडे असताना डोक्यावर जे ढगासारखं काही दिसायचं ते ओलं होताच टाळूला चिकटून चार रेघा उरल्या होत्या. मी त्या चार रेघांकडे बघत राहिलो आणि केस कापून व्हायच्या आतच उठलो.

घरी येऊन मी दाढीचा ब्रश घेतला. पाण्यानं भरलेल्या मगात बुडवला, केस छान फुलले, प्रत्येक केस सुटा. बाहेर काढला, सगळे मिळून एक टोक. पुन्हा बुडवला, फुलले. पुन्हा काढला, टोक. भरपूर पाण्यात केस उभे राहतात, पाणी निघून जाताना त्यांना ओढून एकमेकांना चिकटवतं. मी बेसिनपाशी उभा राहून हे कितीतरी वेळ करत होतो. घरात दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं, काय चाललंय.

फार खोल, फार तापलेल्या वाळूच्या दगडात चिकणमातीचं एक खनिज केसांसारखं उगवतं. इलाइट त्याचं नाव. एका कणापासून दुसऱ्या कणापर्यंत पोकळीत आडवेतिडवे तंतू, डोळ्याला न दिसणारे. जागा रिकामीच असते, निळं रेझिनही भरतं, पण तेलाला त्या जाळीतून वाट मिळत नाही. आणि असा दगड वाळवला की तंतू भिंतीला चिकटून पडतात आणि वाट मोकळी झाल्यासारखी वाटते, ती फक्त लॅबमध्ये. हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. यावर मी स्वतः नव्या मुलांना व्याख्यान दिलेलं आहे, चित्रांसकट. टाळ्या वाजल्या होत्या.

दोन दिवस मी गप्प बसलो. गप्प बसायला कारणंही चांगली सापडत होती. ॲसिडनं कदाचित थोडं सुधारेल. केस नसतीलच कदाचित. खरं कारण एकच होतं. विहिरीत दम नाही हे मी सांगितलं की वेंकोबरावांची विहीर संपणार, आणि दुपारचा फोनही. आणि नाही सांगितलं तर ती पोरं फुकट शिव्या खात राहणार, वेंकोबराव एकेक उपाय करत आशेवर दिवस काढणार, आणि रोज मला विचारणार, दगड चांगला आहे नव्हे? ते 'उत्तम' मला पुन्हा म्हणवेना. तिसऱ्या दिवशी मी फोन केला.

"वेंकोबराव, विहिरीवरच कोअरचे काही तुकडे तुम्ही ओले असतानाच मेणात बंद केले होते. त्यातला एक फोडायची परवानगी हवी."

"कशाला?"

"मी दगड फार वाळवला."

ते भूवैज्ञानिक. पुढचं सांगावं लागलं नाही. "फोडा," एवढंच म्हणाले.

आमचे कोअर शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला एका शेडमध्ये ठेवतात. दोन्ही बाजूंना गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखाने, त्यांच्या शिफ्टच्या बसेस, चहाच्या टपरीवर पुण्याहून आलेली पोरं मराठीत साहेबाच्या नावानं खडे फोडताना. आणि मध्ये ही शेड, आत पत्र्याच्या रॅकवर लाकडी खोक्यांत कुठल्या कुठल्या नद्यांची वाळू. शेडवाला कुलूप उघडून जेवायला गेला. मी एकटाच खोकी सरकवत होतो आणि मोठ्यानं म्हणत होतो, "नसू देत रे केस. नसू देत." पत्र्याखाली तो आवाज असा घुमला की मीच दचकलो.

मेण फोडलं तर आतला दगड अजून गार आणि ओला. त्यातली एक ढलपी खास पद्धतीनं कोरडी केली. पाण्याच्या जागी हळूहळू स्पिरिट, स्पिरिटच्या जागी दाबाखालचा पातळ कार्बन डायऑक्साइड, म्हणजे केसांना ओढणारं पाणी मधून अलगद निघून जातं. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर ती पोकळी दिसली. कणाकणांतून निघालेले तंतू, हजारो, एकमेकांना ओलांडत पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचलेले. पाहिल्या पाहिल्या मनात आलं ते फार वाईट होतं. मनात आलं, किती सुंदर आहे.

मी वेंकोबरावांना सांगितलं. बुजलेलं काही नाही, धुण्यासारखं काही नाही, खोदणाऱ्या पोरांची चूक नाही. दगडच देणार नाही. दगडाला भेगा पाडून तेल काढायचे उपाय असतात, पण त्या भातशेतीखाली ते कुणी करू देणार नव्हतं आणि वेंकोबरावांनाही करायचे नव्हते.

"तुम्हीं म्हणालांत, धावत येईल."

"म्हणालो."

"मी घरीं सांगितलें होतें. बायकोला. तिणें देवाला साखरभात केला." मग त्यांनी फोन ठेवला.

विहिरीत सिमेंट भरून तोंड बंद केलं. कंपनीनं डेल्टातलं ऑफिस आवरलं. लॅबनं नवा रिपोर्ट माझ्या सहीनं पाठवला, आणि भट्टीच्या बटणावर कुणीतरी चिकटपट्टी लावून लिहिलं, 'पाटणकर सारनी हात लावू नये.' ती मी काढली नाही. दुपार व्हायची, मी डबा उघडायचो, फोन टेबलावर उताणा ठेवायचो. दहीभात संपायचा. मुलगा रविवारी म्हणाला, "बाबा, मग येताय ना?" त्या वेळी मी नेटवर्कचं निमित्त सांगितलं नाही. "बघतो," म्हणालो.

बऱ्याच आठवड्यांनी वेंकोबराव न कळवता लॅबमध्ये आले. निवृत्त झाले होते. चेन्नईतलं घर सोडून तंजावरला भावाच्या शेजारी राहायला निघाले होते, सामान पुढे गेलं होतं.

"दाखवा," ते म्हणाले.

"काय?"

"ज्यांनीं माझी विहीर बुजविली त्यांना. मीं पाहिलें नाहीं अजून."

मी चित्र पडद्यावर लावलं. त्यांनी बूट काढले. का ते मला कळलं नाही, पण काढले. खुर्ची पुढे ओढून बसले. मी मागे उभा राहून, ते काय बोलतील ते ऐकायची तयारी करत होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, तंजावरी शिव्या मी कधी ऐकलेल्या नव्हत्या.

"किती काळ लागला असेल यांना उगवायला?"

"आपल्याला मोजता येणार नाही इतका."

"आणि कोणीं पाहिलें यांना?"

"तुम्ही आणि मी."

"बायको म्हणत्ये, एवढें खोल खणून काय मिळालें? आतां सांगतां येईल." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "साखरभात वायां नाहीं गेला, पाटणकर. मात्र तुम्ही मनुष्य डेंजरस आहांत. तुमच्या हातीं पापडदेखील देऊं नये."

मी हसलो आणि मग मला हसू आवरेना, आणि मग हसणं राहिलं बाजूला आणि मी चष्मा काढून पडद्याकडे तोंड केलं. ते बूट घालत बसले, लेस बांधायला त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

निघताना त्यांनी मेणातल्या तुकड्याचं उरलेलं काय केलं ते विचारलं. अजून ओलाच होता, फेकायच्या यादीत होता. त्यांनी लॅबमधून झाकणाची एक बरणी मागून घेतली, दगडातल्या पाण्याइतकंच खारट पाणी मला करायला लावलं, तुकडा त्यात सोडला आणि बरणी माझ्या हातात दिली.

"वाळूं देऊं नका."

बरणी माझ्या वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहे. सेल्वमना वाटतं लोणचं आहे. ते एकदा म्हणाले, "सार, वास येत नाही, मीठ कमी पडलंय." मुलाला कळवलं आहे की सध्या येत नाही, घरी एकाकडे लक्ष द्यावं लागतं. तो कुणाकडे म्हणून काळजीत पडला, ते मी अजून निस्तरतो आहे.

दुपारी फोन वाजतो.

"जेवण जाहलें?"

"झालं. दहीभात."

"आजही? बरें. उभे आहेत?"

आता, ते केस नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. बघायचे तर दगड पाण्याबाहेर काढावा लागेल, आणि काढला तर ते पडतील. हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही. मी उठतो, ओट्यापाशी जातो, बरणी खिडकीच्या उजेडात धरतो आणि नीट निरखून बघतो.

"उभे आहेत, वेंकोबराव."